चौकात दोन गाड्यांची धडक, जखमी मात्र आत बसलेला प्रवासी

चौकातल्या अपघातांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. पत्रं लिहिणारे गाडी चालवत नव्हते, आत बसले होते. भरपाईच्या दाव्यात या एका गोष्टीने बराच फरक पडतो, आणि नेमकी तीच बहुतेकांना कुणी सांगितलेली नसते.

प्रश्न : मैत्रिणीच्या मोटारीत मी मागे डाव्या बाजूला बसले होते. पुण्यातल्या एका चौकात सिग्नल बंद होता. डावीकडून आलेल्या टेम्पोने आमच्या मागच्या दाराला धडक दिली. माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. टेम्पोवाला म्हणतो मोटार भरधाव होती, मैत्रीण म्हणते टेम्पो थांबलाच नाही. गुन्हा फक्त टेम्पोचालकावर नोंदलाय. मी दावा कुणावर करू? मैत्रिणीला गोवायचं मला जिवावर येतंय. मी नाशिकला राहते. — क. श., नाशिक

उत्तर : ताई, चूक कुणाची हे ठरवायची जबाबदारी तुमची नाही. दोन गाड्यांच्या धडकेत आतला प्रवासी जखमी झाला, तर दोन्ही चालकांच्या निष्काळजीपणाचा एकत्र परिणाम त्याला भोगावा लागला असं कायदा धरतो. वकील याला काँपोझिट नेग्लिजन्स म्हणतात. चालक स्वतः जखमी झाला तर त्याच्या चुकीच्या प्रमाणात त्याची भरपाई कापली जाते. प्रवाशाची तशी कापली जात नाही, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या निकालात हे अगदी स्पष्ट केलं. अशा प्रवाशाला दोन्ही गाडीवाल्यांवर किंवा त्यांच्यापैकी एकावरही दावा करता येतो, आणि चूक असलेल्या कुठल्याही एकाकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते. मग त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा घ्यायचा, तो त्यांचा आपसातला हिशेब. तरीही आमचा सल्ला असा की एकावर दावा करून थांबू नका. टेम्पोचा चालक, मालक, विमा कंपनी आणि मोटारीची मालक-चालक म्हणजे तुमची मैत्रीण व तिची विमा कंपनी, असे सगळे सामनेवाले करा. एकट्या टेम्पोवर दावा केला आणि पुराव्यात सगळी चूक मोटारीची निघाली, तर टेम्पोच्या कंपनीकडून एक रुपयाही मिळणार नाही. मोटारीची कंपनी दाव्यात नसेल तर तिच्याविरुद्ध निवाडाही होणार नाही.

मैत्रिणीची काळजी समजते. पण तिचा परवाना आणि पॉलिसी चालू असेल आणि पॉलिसी पॅकेज प्रकारची (थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) असेल, तर पैसे कंपनी भरते. मैत्रिणीला नोटीस येईल, लेखी म्हणणं द्यावं लागेल, बहुधा जबाबही होईल. नो क्लेम बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असतो, थर्ड पार्टी दाव्याने तो जात नाही. दाव्याच्या अर्जावरून तिच्यावर आपोआप फौजदारी गुन्हाही नोंदला जात नाही. हे तिला आधीच समजावून सांगा. समन्स हातात पडल्यावर कळलं तर मैत्री तुटते, आणि दुखावलेला साक्षीदार दाव्याला फार जड जातो.

गुन्हा एकट्या टेम्पोचालकावर आहे म्हणून घाबरू नका, आणि निश्चिंतही राहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 व 125 खालचा गुन्हा फौजदारी न्यायालयात निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात शक्यतांचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. टेम्पोचालक फौजदारीत सुटला तरी तुमचा दावा पडत नाही.

आता चौक. सिग्नल बंद असलेल्या चौकात प्रत्येकाने वेग कमी करायचा, मोठ्या रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, आणि रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, असा नियम 2017 च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग विनियमांत आहे. टेम्पो तुमच्या डावीकडून आला, म्हणजे तुमची मोटार त्याच्या उजवीकडे होती. रस्ते सारखे असतील तर वाट त्याने द्यायला हवी होती. पण मोटारीनेही वेग कमी केला होता का, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर घटनास्थळ पंचनाम्यात आणि त्याच्या नकाशात शोधायचं. पोलीस ठाण्यातून प्रत घ्या आणि शांतपणे वाचा. दोन्ही रस्त्यांची रुंदी लिहिलीय का? कोणता रस्ता मोठा दिसतो? धडकेची जागा चौकाच्या मध्यापासून कुठे दाखवलीय, काचांचा सडा कुठे पडलाय, टायर घासल्याच्या खुणा किती फूट आहेत आणि त्या कुणाच्या? तुमच्या मोटारीचं मागचं दार चेपलं, म्हणजे मोटारीचा पुढचा अर्धा भाग टेम्पोच्या वाटेतून पुढे गेलेला होता. मोटार चौकात आधी शिरली हे दाखवायला हा मुद्दा उपयोगी पडतो. एकट्या चेपलेल्या दारावरून टेम्पोची चूक सिद्ध होत नाही, कारण वेगात असलेली मोटारही आधी शिरलेली असू शकते. टायरच्या खुणा कुणाच्याच नसतील तर कुणीच ब्रेक दाबला नाही, असा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात. नकाशात उत्तर दिशेचा बाण नसेल, किंवा वाहनं हलवल्यानंतर पंचनामा झाला असेल, तर तेही टिपून ठेवा.

चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा पोलिसांना ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच द्या, पोच घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर दुकानदाराकडून चित्रण घेताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्रही घ्या. त्याच्याशिवाय पेनड्राइव्ह पुरावा म्हणून वाचला जाणं अवघड होतं.

पोलिसांना जबाब देताना जे पाहिलं तेवढंच सांगा. मागच्या सीटवर बसून मोबाइल बघत असाल, झोपला असाल, तर तसंच सांगा. मैत्रिणीला वाचवायला ‘आमची गाडी अगदी हळू होती’ असं म्हटलं की उलटतपासात तेच अंगावर येतं. तुमच्या अर्जातही एकाच चालकाला दोष देऊ नका. घडलं ते लिहा आणि दोन्ही चालकांच्या संयुक्त निष्काळजीपणाने अपघात झाला असं म्हणा.

दाव्यासाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा अर्ज तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या न्यायाधिकरणात करता येतो.

प्रश्न : (याच वाचकांचा) माझं वय 34. घरी शिवणकाम करून महिन्याला साधारण 18,000 रुपये मिळायचे. आता मनगट पूर्ण वळत नाही, कात्री धरली की दुखतं. भरपाई कशी मोजतात?

उत्तर : प्रवाशांचे दावे निष्काळजीपणावर फार कमी हरतात. रक्कम कमी होते ती अपंगत्वाचा पुरावा नीट न आल्यामुळे, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात ‘उजव्या हाताचं 28 टक्के अपंगत्व’ असं काहीसं येईल. हा आकडा त्या हाताचा आहे, संपूर्ण शरीराचा नाही. विमा कंपनीचा वकील म्हणेल की शरीराचं म्हणून धरलं तर फार तर 9-10 टक्के. पण न्यायाधिकरणाने बघायचा असतो तिसराच आकडा : या व्यक्तीची, या धंद्यातली कमाई कितीने घटली? सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात हीच पद्धत घालून दिली. एकच दुखापत शिंप्याला, गवंड्याला आणि बँकेतल्या कारकुनाला वेगवेगळी भोवते.

हिशेब असा. मासिक उत्पन्न 18,000. स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत, म्हणून पुढे वाढू शकणाऱ्या कमाईपोटी 40 टक्के जोडायचे (प्रणय सेठी निकाल, 2017) : 25,200. वर्षाचे 3,02,400. वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं, वय 31 ते 35 या गटाला तो 16 (सरला वर्मा निकाल, 2009) : 48,38,400. कमाईची घट 10 टक्के धरली तर 4,83,840 रुपये, 20 टक्के धरली तर 9,67,680. मनगट तेच, मनगट काय करू शकत नाही हे न्यायाधीशांपुढे किती नेमकं आलं यावर निम्मी रक्कम ठरते. जखमीच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट होत नाही, ती मृत्यूच्या दाव्यात असते. कंपनीच्या हिशेबात ती शिरलीय का ते तपासा.

त्यासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून सांध्याची हालचाल अंशांत मोजून घ्या : मनगट वर किती, खाली किती, तळहात किती फिरतो, दुसऱ्या हाताच्या तुलनेत पकड किती. सहा महिन्यांनी हाड पक्कं जुळल्यावर पुन्हा मोजा. कात्री, मशीनचं चाक, कापड ओढणं यांतलं काय जमत नाही हे केसपेपरवर येऊ द्या. आणि डॉक्टरांची साक्ष झालीच पाहिजे. नुसतं प्रमाणपत्र दाखल करून डॉक्टर तपासले नाहीत, तर कंपनी त्याला आक्षेप घेते आणि न्यायाधिकरण टक्के खाली आणतं. डॉक्टरांना वेळ नसेल तर कोर्ट कमिशनर नेमून किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष घ्यावी असा अर्ज वकिलांना करायला सांगा.

उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्रं असतील तर अपघाताआधी भरलेली द्या. अपघातानंतर घाईने भरलेल्यांवर सहसा विश्वास बसत नाही. विवरणपत्रं नसतील तर गिऱ्हाइकांची मापांची वही, यूपीआयवर आलेल्या पैशांचं बँक पासबुक, दोन नेहमीच्या गिऱ्हाइकांची शपथपत्रं आणि मशीनची पावती एवढं जमवा. वही मूळची, जुनी, शाई बदललेली असेल तशीच द्या. नव्याने उतरवून काढू नका.

याशिवाय बिलं, येण्याजाण्याचा खर्च, आहार, सोबतीला थांबलेल्या माणसाचा खर्च, बंद राहिलेल्या महिन्यांची कमाई, आणि वेदनांपोटी व जगण्यातला आनंद कमी झाल्यापोटीची रक्कम हे वेगळे मागायचे. प्लेट पुढे काढावी लागणार असेल तर शस्त्रक्रियेचा अंदाजित खर्च डॉक्टरांच्या लेटरहेडवर आताच घ्या. निवाडा झाल्यावर ‘अजून एक ऑपरेशन आहे’ म्हणून परत जाता येत नाही. व्याज साधारण अर्जाच्या तारखेपासून मिळतं, बहुतेक निवाड्यांत 6 ते 9 टक्क्यांच्या दरम्यान.

प्रश्न : मी मागच्या सीटवर पट्टा लावला नव्हता. कंपनीचा माणूस म्हणतो, निम्मी भरपाई कापली जाईल. — वा. ग., सांगली

उत्तर : समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरही पट्टा बंधनकारक आहे, न लावल्यास कलम 194-ब प्रमाणे 1,000 रुपये दंड आहे. पण दंड वेगळा आणि भरपाईतली कपात वेगळी. नियम मोडला एवढ्याने कपात होत नाही. त्या मोडण्यामुळे ही दुखापत झाली किंवा वाढली हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. मोटारसायकलवर तिघे बसले होते अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेच तत्त्व लावलं.

म्हणून दुखापत कोणती ते बघा. बाजूने बसलेल्या धडकेत दार आत चेपून मांडीचं हाड मोडलं, तर पट्ट्याने ते वाचलं असतं असं म्हणणं कंपनीला जड जाईल. समोरासमोरच्या धडकेत मागचा माणूस पुढे फेकला जाऊन कपाळ आपटलं, तर कंपनीच्या म्हणण्यात दम आहे आणि काही कपात होऊ शकते. ‘निम्मी’ हा आकडा कायद्यात कुठेही नाही. आणि हो, पट्टा लावला होता असं खोटं सांगू नका. खांद्यावर पट्ट्याचा वळ नसल्याचं दवाखान्याच्या पहिल्याच कागदात दिसून येतं.

प्रश्न : ज्या मोटारीत होतो तिची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी निघाली. आता? — र. पा., कोल्हापूर

उत्तर : खासगी मोटारीच्या निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत फुकट बसलेला प्रवासी येत नाही. पॅकेज पॉलिसीत येतो. विमा नियामकाने 2009 च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलंय आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते मान्य केलंय. पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा, नुसत्या पहिल्या पानावर विसंबू नका. जादा प्रीमियम भरून प्रवाशांसाठी वेगळं अपघात संरक्षण घेतलेलं असेल तर ते आतल्या तक्त्यात दिसतं.

तुमच्या बाबतीत आता समोरच्या वाहनाची थोडीशीही चूक सिद्ध होणं अत्यंत मोलाचं आहे. ती 30 टक्के निघाली, तरी वर दिलेल्या 2015 च्या निकालाप्रमाणे पूर्ण रक्कम त्याच्या कंपनीकडून वसूल करता येते. ती शून्य निघाली तर मोटारमालकाच्या खिशाशिवाय काही उरत नाही. पंचनामा आणि साक्षीदार यांवर सगळी मेहनत घाला.

रिक्षा, टॅक्सी, बस यांच्या भाडं देणाऱ्या प्रवाशांना ही अडचण नाही, त्यांचं संरक्षण सक्तीच्या विम्यातच आहे. मालाच्या टेम्पोत फुकट बसून आलेल्यांना मात्र ते नाही, आणि लग्नसराईत, जत्रेत अशी माणसं भरून नेलेले टेम्पो आजही दिसतात.

प्रश्न : विमा कंपनी अडीच लाख लगेच देते म्हणते. घ्यावे का? — सौ. मा. दे., लातूर

उत्तर : सही करण्याआधी ते कोणत्या कलमाखाली देताहेत हे लेखी विचारा. कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात, चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण ते पैसे कलम 149 च्या पद्धतीने स्वीकारले की न्यायाधिकरणातला तुमचा कलम 166 चा अर्ज संपुष्टात येतो. पूर्ण बरं होणाऱ्या, कमाईवर परिणाम न करणाऱ्या फ्रॅक्चरला अडीच लाख ठीक आहेत. मणक्याला, डोक्याला मार असेल, सांधा आखडला असेल, तर वरचा शिवणकामाचा हिशेब पुन्हा वाचा.

लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, पैसे लवकर मिळतात. मात्र हाड जुळून अपंगत्वाचा आकडा हातात आल्याशिवाय बसू नका, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आणि पोलीस ठाण्याच्या आवारात, स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून देणं, हे गावाकडे फार चालतं, ते तर अजिबात नको.

प्रश्न : मेडिक्लेममधून साडेतीन लाखांचं बिल भागलं. तेवढी रक्कम भरपाईतून वजा होणार का? आणि पत्नी गृहिणी आहे, तिची कमाई काय दाखवायची? — अ. जो., ठाणे

उत्तर : वजा होऊ नये. मेडिक्लेम तुम्ही हप्ता भरून घेतलेला आहे, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे. अडचण येते ती कागदांची. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे जातात. म्हणून द्यायच्या आधी सगळ्यांच्या प्रती काढा आणि नंतर कंपनीकडून प्रमाणित प्रती व मंजुरीचं पत्र मागवा. औषधांच्या बिलाला त्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन जोडा. नाव, तारीख नसलेली बिलं सर्रास गळतात.

गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे आणि तिचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यावी हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा बजावलंय. अर्जात ‘काही करत नाही’ असा शब्द येऊ देऊ नका. स्वयंपाक, धुणी, सासूबाईंची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास, जे करत होत्या ते लिहा. अपघातानंतर बाई लावली असेल तर तिचा पगार बँकेतून द्या आणि तिचं शपथपत्र घ्या.

प्रश्न : अपघाताला आठ महिने झाले. उशीर झाला का? — नि. भ., रत्नागिरी

उत्तर : 1 एप्रिल 2022 पासून कलम 166(3) प्रमाणे अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि ते प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. त्याच्या भरवशावर आणखी दिवस घालवू नका, या आठवड्यात अर्ज दाखल करा.

त्याआधी पोलीस ठाण्यात एक चौकशी करा. 2022 च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा सविस्तर अहवालच कलम 166(4) खाली भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. तो मुदतीत गेला असेल तर त्याची तारीख आणि जावक क्रमांक लिहून घ्या व वकिलांना द्या. गेलाच नसेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच तुमच्या अर्जाला जोडा.